अनुशेष रुपयांत मोजणं पुरे : विदर्भ-मराठवाड्यातल्या आमदारांना खुलं पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र विदर्भ आणि मराठवाड्यातून निवडून गेलेल्या सर्व पक्षांच्या आमदारांना आहे. मी परभणीचा. ३१ वर्षं पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. प्रादेशिक असमतोलाचं प्रकरण आलं की पेंगणारा वर्गही जागा व्हायचा. कुणीतरी हमखास विचारायचं, ‘सर, आपला अनुशेष कधी भरणार?’ अनुशेष म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मानाने विकासात राहिलेली तूट. मग मी ती तूट रुपयांत मोजणाऱ्या दांडेकर समितीचा आकडा फळ्यावर लिहायचो : ३,१८६ कोटी ७८ लाख. साल १९८४. त्याखाली पुढच्या समितीचा आकडा, १९९४ सालच्या स्थितीवरचा : १४ हजार कोटींच्या वर. पोरं चिडायची, मीही त्यांच्याबरोबर चिडायचो आणि तास संपायचा.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा युरोपची आकडेवारी नीट वाचली. वर्गात मी तिच्यावरून पाच मिनिटांत पुढे जायचो. आता वाटतं, की त्या पोरांना मी अर्धंच सांगितलं.

युरोपकडे का पाहायचं? कारण आपणही एका अर्थाने संघात सामील झालेली माणसं आहोत. मराठवाडा निजामाच्या राज्यातून आला, विदर्भ मध्य प्रांतातून, आणि दोघांचा संसार मुंबई-पुण्याच्या श्रीमंत पट्ट्याशी जोडला गेला. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यात ठरलं : लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष, नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. पुढे १९५६ मध्ये राज्यघटनेत ३७१(२) हे कलम आलं, या विभागांच्या विकासाची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल असं. तिकडे १९५७ मध्ये रोमला सहा देशांनी करार केला, आजच्या युरोपीय संघाचा पाया तोच. त्याच्या प्रास्ताविकातही प्रदेशांमधली तफावत आणि मागे राहिलेल्यांचं मागासलेपण कमी करण्याची भाषा आहे. म्हणजे गरीब आणि श्रीमंत यांनी एका छताखाली राहायचं, तर गरिबाला वर यायला मदत करायची, हा शब्द दोन्हीकडे साधारण एकाच सुमारास दिला गेला. तिकडे काही जण वर आले, काही आले नाहीत. कोण आलं आणि का, हे तुम्ही वाचावं म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी आयर्लंड, कारण त्याचं नाव सगळे घेतात आणि गोष्ट अर्धवट सांगतात. १ जानेवारी १९७३ ला आयर्लंड त्या संघात गेला, तेव्हा त्याचं दरडोई उत्पन्न बाकीच्यांच्या सरासरीच्या ६० टक्क्यांच्या आसपास होतं. पुढची जवळजवळ १५ वर्षं तो तिथेच घुटमळला. पैसा येत नव्हता असं नाही. शेतमालाच्या भावाला आधार म्हणून भरपूर येत होता, शेतकरी खूश होते. पण १९८०च्या दशकाच्या मध्याला बेकारी १७ टक्क्यांवर गेली होती, सरकार कर्जात बुडालं होतं आणि शिकलेली पोरं बोटीने-विमानाने लंडन, बोस्टन गाठत होती. लातूरच्या आमदारांना वेगळं समजावून सांगायला नको. रोज रात्री आपल्या गावांतून पुण्याला सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या रांगा बघा आणि आयर्लंडची ती वर्षं डोळ्यांपुढे आणा.

मग १९९०च्या दशकात तोच देश असा उसळला, की दशक संपता संपता सरासरीच्या पुढे गेला. लोक म्हणतात, कर कमी केला म्हणून. कर कमी होताच. पण निर्यातीच्या नफ्यावर सूट त्यांनी १९५६ पासूनच दिली होती आणि कारखानदारीला १० टक्के कर १९८१ पासून. नुसत्या करामुळे व्हायचं असतं तर आधीच झालं असतं. जी गोष्ट पिकायला वेळ लागला ती दुसरीच होती. १९६७ मध्ये आयर्लंडने माध्यमिक शिक्षण मोफत केलं. राजधानीबाहेरच्या गावागावांच्या मुलांसाठी शाळेच्या बसही सुरू केल्या. १९७० पासून छोट्या शहरांत प्रादेशिक तंत्रमहाविद्यालयं काढली. त्या वेळी शाळेत गेलेली मुलं १९८०च्या दशकात कामाला तयार झाली. तेव्हा काम नव्हतं, म्हणून ती परदेशी गेली. १९८९ मध्ये संगणकाच्या चिप बनवणारी इंटेल कंपनी डब्लिनजवळच्या लेक्स्लिपला आली, १९९३ मध्ये युरोपची एकसंध बाजारपेठ उघडली, आणि तयार मनुष्यबळ शोधणाऱ्या कंपन्यांना ते तिथे मिळालं. गेलेल्यांपैकी बरेच परतही आले. १९८८ नंतर युरोपने मागास भागांचा निधी दुप्पट केला, तो याच वेळी हाती पडला. पण त्याचा मोठा वाटा आयर्लंडने माणसांच्या प्रशिक्षणावर घातला. ऐन भरात असतानाही हा निधी राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आतबाहेरच होता. एवढ्याने देश श्रीमंत होत नसतो. तयार वातीला तो काडीसारखा लागला, एवढंच.

(जाता जाता एक इशारा. आयर्लंडचा आजचा जीडीपी वाचून हुरळू नका. परदेशी कंपन्यांच्या हिशेबांमुळे तो इतका फुगतो, की २०१५ मध्ये एका वर्षात २५ टक्क्यांहून अधिक वाढ दिसली. शेवटी त्यांच्याच सांख्यिकी कार्यालयाला वेगळा, सुधारित आकडा काढावा लागला. आपल्याकडे ज्यांची कार्यालयं मुंबईत आणि कारखाने चंद्रपुरात, त्यांचं उत्पन्न कुठे धरलं जातं, हाही एक विचारण्यासारखा प्रश्न आहे.)

आता ग्रीस. १९८१ मध्ये आत आला. पैसा त्यालाही मिळाला आणि थोडाथोडका नाही. अथेन्सची मेट्रो झाली, कोरिंथच्या आखाताच्या तोंडाशी रिओ-अँटिरिओचा देखणा पूल २००४ च्या ऑलिम्पिकच्या तोंडावर खुला झाला. २०००च्या दशकात ग्रीसचं दरडोई उत्पन्न युरोपीय सरासरीच्या ९० टक्क्यांच्या पुढे पोचलं होतं. मग २०१० चं कर्जसंकट आलं, अर्थव्यवस्था चौथ्या हिश्शाने आकसली आणि आज तो देश सरासरीच्या ७० टक्क्यांच्या आसपास, यादीच्या तळाशी बल्गेरियाच्या शेजारी बसला आहे. पूल अजून देखणाच आहे. पण कर नीट गोळा करणारं खातं, जमिनीची धड नोंद, पक्षाच्या चिठ्ठीवर न चालणारी नोकरभरती या गोष्टी पुलाबरोबर आल्या नाहीत. बाहेरून आलेला पैसा आणि स्वस्त कर्ज यांनी दुखणं झाकून ठेवलं.

पोलंडची कथा मला सर्वांत जवळची वाटते, कारण तो आपल्यासारखाच उशिरा आणि रिकाम्या खिशाने आला. १ मे २००४ ला संघात गेला तेव्हा सरासरीच्या निम्म्यावर होता. आता पाचातल्या चार हिश्शांच्या जवळ आहे. वीस वर्षांत एवढी मजल युरोपात फार थोड्यांनी मारली. जर्मन मोटारींच्या पुरवठा-साखळीत त्याचे कारखाने बसले, हे खरं. पण प्रवेशाच्या आधी त्याने काय केलं तेही पाहा. संघात यायचं तर सुमारे ८० हजार पानांचे नियम घरी आणून बसवावे लागतात. न्यायालयं, अन्नतपासणी, सरकारी खरेदी, स्पर्धा-कायदा, सगळंच. त्याशिवाय १ जानेवारी १९९९ पासून पोलंडने आपले ४९ प्रांत मोडून १६ केले आणि प्रत्येकाला निवडून आलेली सभा दिली. युरोपचा पैसा आला तेव्हा तो घ्यायला, योजना आखायला आणि हिशेब द्यायला त्या भागात माणसं आणि कचेऱ्या होत्या. २००७ पासून तर प्रत्येक प्रांताने आपला स्वतंत्र कार्यक्रम स्वतः चालवला.

या प्रांतांतला एक आपल्या नजरेत भरण्यासारखा आहे. आग्नेय कोपऱ्यातला, युक्रेनच्या सीमेवरचा पोडकार्पात्स्की, पोलंडमधल्या सर्वांत गरिबांपैकी एक. तिथे झेशुफ नावाच्या शहरात दुसऱ्या महायुद्धाआधीपासून विमानाच्या इंजिनांचा सरकारी कारखाना होता आणि त्याच्याच आधाराने वाढलेलं तंत्रविद्यापीठ. २००२ मध्ये एका अमेरिकी इंजिन कंपनीने तो कारखाना घेतला, पुढच्याच वर्षी आसपासच्या छोट्या-मोठ्या उद्योगांनी मिळून ‘एव्हिएशन व्हॅली’ नावाची संघटना उभी केली, आणि आज पोलंडच्या विमानउद्योगाचं माहेर तिथे आहे. नागपूरच्या मिहान या विमानतळालगतच्या उद्योगप्रकल्पाबद्दल २० वर्षं ऐकतो आहोत. जमीन, धावपट्टी, सवलत हे सगळं तिथे आलं. झेशुफमध्ये हे येण्याआधी फिटर, टर्नर आणि मेटलर्जीचे प्राध्यापक होते.

पण सरळ पोलंडशी तुलना करणं अप्रामाणिक ठरेल. आयर्लंड काय, पोलंड काय, देश होते. कराचा दर त्यांच्या हातात होता, पोलंडचं तर चलनही अजून स्वतःचं आहे. मराठवाड्याला यातलं काही नाही. आपल्याला जास्त जवळचा आरसा आहे इटलीचा दक्षिण भाग, मेझोजोर्नो. एकच देश, एकच चलन, एकच कायदा, आणि १९६९ नंतर वेतनाचे दरही सगळीकडे सारखे करत नेले. १९५० मध्ये रोमने दक्षिणेसाठी खास निधी-संस्था काढली, कास्सा पेर इल मेझोजोर्नो. ती १९८४ पर्यंत चालली. सुरुवातीला धरणं, रस्ते, पाणी यांवर भर होता आणि पहिली वीस-पंचवीस वर्षं दक्षिण खरंच थोडी वर सरकली. पण १९५०च्या दशकाच्या अखेरपासून निधी मोठमोठ्या पोलाद आणि रसायन कारखान्यांकडे वळत गेला. तारांतोला अजस्र पोलादप्रकल्प झाला. जोया ताउरोला बंदर बांधलं, पोलादकारखाना आलाच नाही. इटालियन लोक अशा प्रकल्पांना ‘वाळवंटातली कॅथेड्रलं’ म्हणतात. आजूबाजूला ना सुटे भाग बनवणारं कुणी, ना शिकवणारं. कंत्राटं मात्र वाटली गेली आणि ती कुणाला द्यायची हे ठरवणारे पुढारी बळकट झाले. आजही दक्षिणेचं दरडोई उत्पन्न उत्तर-मध्य इटलीच्या ६० टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडेच आहे. ७० वर्षांचा निधी.

हे वाचताना आपल्या डी आणि डी-प्लस, म्हणजे उद्योगांत मागास ठरवलेल्या, तालुक्यांची आठवण झाली. उद्योगांना सवलत देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना महाराष्ट्रात १९६४ पासून आहे; मागास तालुक्याला जास्त सवलत, विनाउद्योग जिल्ह्याला त्याहून जास्त. २०१६ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना विजेतही सूट देण्यात आली. तरी कित्येक एमआयडीसीत प्लॉटवर पाटी आणि बाभळी एवढंच दिसतं. सवलत जमिनीला आणि यंत्राला मिळते. यंत्र चालवणारा कुठून येणार, हा प्रश्न सवलतीच्या कागदावर नसतो.

समृद्धी महामार्गाबद्दलही सावध बोलायला हवं. ७०१ किलोमीटर, २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, आनंदच आहे. पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. गरीब भागातला माल श्रीमंत बाजारात जातो तसाच श्रीमंत भागातला तयार माल गरीब भागात स्वस्तात उतरतो आणि तिथला छोटा कारखाना बंद पाडू शकतो. रस्त्याच्या आपल्या टोकाला विकण्यासारखं काही तयार होत असेल, तरच रस्ता आपला.

आणि माणसं? इथे युरोपची दुसरी बाजू लपवू नये. लिथुआनिया हिशेबात झपाट्याने वर आला, पण १९९० मध्ये ३७ लाखांच्या आसपास असलेली त्याची वस्ती तीस वर्षांत २८ लाखांवर आली. बल्गेरिया ९० लाखांच्या जवळ होता, २०२१ च्या जनगणनेत ६५ लाख. दरडोई उत्पन्न वाढतं, त्याचं एक कारण म्हणजे भागायचा आकडा, म्हणजे लोकसंख्या, घटते. गावात म्हातारे राहतात. लातूर पॅटर्नने आपण देशात नाव काढलं. बारावीचा निकाल, नीट, जेईई. त्या यशाचा मला अभिमान आहे. पण पास झालेला मुलगा डॉक्टर-इंजिनिअर होऊन परततो का? आयर्लंडची मुलं परतली ती काम घरी आल्यावर. आपण पहिलं अर्ध पार पाडलं आणि दुसरं अर्ध कुणाला मागितलंच नाही.

कारण आपण मागत राहिलो रुपये. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपासून कोण किती मागे ते मोजलं आणि ते भरून काढायला किती खर्च लागेल ते काढलं. त्या काळी तसं करणं योग्यच होतं, दांडेकरांसारख्या माणसाने केलं म्हणून तो आकडा टिकला. घोळ पुढे झाला. रुपया हेच ध्येय झालं. १९९४ च्या १ मे पासून तीन विकास मंडळं आली, राज्यपालांचे निर्देश निघू लागले, आणि सभागृहातल्या प्रत्येक चर्चेत एकच वाक्य : आमच्या वाट्याचा निधी पळवला. तो पळवला गेला हे मी नाकारत नाही. पण आलेला निधीही इथे खर्च का झाला नाही, याची चर्चा तेवढ्या जोराने ऐकली नाही. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हा भाषणं झाली, पण कुठल्याही जिल्हा कचेरीत काम अडलं असं मला दिसलं नाही. मंडळांना निर्णयाचे अधिकारच नव्हते, मग अडणार काय?

युरोपचा एक नियम इथे लिहून ठेवतो. वर्षात मंजूर केलेला पैसा पुढच्या दोन वर्षांत खर्च झाला नाही (आता तीन), तर तो संघाच्या तिजोरीत परत जातो. ऐकायला कठोर वाटतं. पण त्यामुळे प्रत्येक देशाला योजना आखणारी, निविदा काढणारी, मोजमाप करणारी माणसं आधी नेमावी लागली. आपल्याकडे ३१ मार्चच्या आठवड्यात ट्रेझरीसमोर जी धावपळ होते, तिला खर्च म्हणतात. माझ्याच माहितीतल्या एका कचेरीत तीन जिल्ह्यांचा कार्यभार एका प्रभारी अधिकाऱ्याकडे होता. ते सज्जन गृहस्थ आठवड्यातले तीन दिवस प्रवासात असत. त्यांची बदली इथे शिक्षा म्हणून झाली होती, हे ते स्वतःच हसत सांगत. अशा कचेरीला दुप्पट निधी दिला तर काय होईल?

आता घटनेकडे परत येतो, कारण माझ्या मते आपला सर्वांत मोठा दुर्लक्षित दस्तऐवज तोच आहे. ३७१(२) मधलं स्वतंत्र विकास मंडळ सगळ्यांना पाठ आहे, निधीचं समन्यायी वाटपही. तिसरं उपकलम कुणी काढत नाही. त्यात तांत्रिक शिक्षण आणि व्यावसायिक प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी, आणि राज्याच्या सेवांमध्ये नोकरीच्या पुरेशा संधी, यांची समन्यायी व्यवस्था लिहिली आहे. आयर्लंडने तंत्रमहाविद्यालयं काढली त्याच्या कितीतरी आधी, १९५६ मध्ये, आपल्या घटनेने नेमका हाच रस्ता दाखवला होता. आपण त्यातलं रुपयांचं कलम तेवढं उचललं.

प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीनेही २०१३ च्या अहवालात विभागाऐवजी तालुका हा घटक धरायला सांगितलं. त्यावर आपल्यातल्याच अनेकांनी, विदर्भ-मराठवाड्याचा दावा पातळ होईल म्हणून, नाक मुरडलं. भीती समजते. पण विभागाच्या सरासरीत नागपूर शहर गडचिरोलीला झाकतं, छत्रपती संभाजीनगर हिंगोलीला झाकतं. आयर्लंडने १९९९ मध्ये काय केलं ठाऊक आहे? डब्लिनमुळे अख्ख्या देशाची सरासरी वर गेली आणि गरीब पश्चिम भागाचा निधी जाणार असं दिसलं, तेव्हा त्यांनी देशाचे हिशेबापुरते दोन भाग पाडले आणि पश्चिमेचा निधी वाचवला. बारीक मोजण्यात गरिबाचं नुकसान नसतं. उलट नंदुरबारसारखे आपल्या दोन्ही विभागांबाहेरचे जिल्हे आपल्या बाजूने उभे राहतील. सभागृहात संख्याबळ लागतं, ते तुम्हाला मी काय सांगावं.

तुमचे मतभेद मला माहीत आहेत. कुणाला वेगळा विदर्भ हवा, कुणाला नको. मराठवाड्यातल्या काहींना गोदावरीच्या पाण्याखेरीज दुसरं काही बोलायचंच नाही, आणि पाण्याचा प्रश्न खराच आहे. जायकवाडी अर्धी राहते तेव्हा मी कुठल्या तोंडाने त्यांना थांबवू? ते सगळं चालू द्या. मला एक छोटी गोष्ट हवी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

येत्या नागपूर अधिवेशनात एक तारांकित प्रश्न लावा, दोन्ही विभागांतल्या शक्य तितक्या सदस्यांच्या सहीने. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक शासकीय तंत्रनिकेतनात आणि आयटीआयमध्ये अध्यापकांची आणि निदेशकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि रिकामी असलेली प्रत्येक जागा कोणत्या तारखेपासून रिकामी आहे? जिल्हा कचेऱ्यांतल्या नियोजन, कृषी, पाटबंधारे, उद्योग या चार खात्यांबद्दलही हेच विचारा, आणि प्रभारी कार्यभार वेगळ्या रकान्यात मागा. उत्तर तालुकावार हवं. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं उत्तर आलं तर उपप्रश्नात संकलन कधी पूर्ण होणार ती तारीख मागा आणि पुढच्या अधिवेशनात त्या तारखेला पुन्हा उभे राहा.

उत्तर छापून आलं की मला एक प्रत पाठवा. निवृत्त असलो तरी अजून शनिवारी संध्याकाळी काही मुलं घरी येतात. फळ्यावर आता तो तक्ता लिहायचा आहे.

आपला,
परभणीचा एक निवृत्त अर्थशास्त्र-शिक्षक